नेपाळला सेवेसाठी जाताना: बोलावणे कोणाचे, काम कोणाचे?

मंडळीच्या तरुण संघात परदेशी मिशन ट्रिपचा विषय निघाला की नेपाळचे नाव लवकर पुढे येते. कारणे उघड आहेत. भारतीयांना व्हिसा लागत नाही, मुंबईहून रेल्वेने गोरखपूर आणि तिथून बसने सोनौलीची सीमा गाठली की पलीकडे दुसरा देश सुरू होतो, आणि तिथली भाषा देवनागरीत लिहिली जात असल्याने पाटी वाचता येते. जाणाऱ्यांच्या मनात बहुधा दोन हेतू एकत्र असतात: तिथल्या लोकांच्या उपयोगी पडावे आणि आपला विश्वास वाढावा. दोन्ही चांगले आहेत, पण दोन्ही आपोआप साधतील असे धरून चालणे हीच या प्रवासातली पहिली चूक. माझे म्हणणे थोडक्यात असे: परदेशातल्या सेवेने विश्वास वाढतो, पण जाणारा माणूस तिथल्या मंडळीच्या हाताखाली काम करायला तयार असेल आणि परतल्यावर त्या शिकण्याला रोजच्या जगण्यात जागा देणार असेल तरच. जायचे की नाही, कोणी जायचे, काय न्यायचे, काय बोलायचे, हे सगळे प्रश्न याच एका कसोटीवर सोडवता येतात.

ही कसोटी कुणाच्या लहरीतून आलेली नाही. अल्पकालीन मिशन प्रवासांचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेतील मंडळ्यांच्या गाठीशी आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या 2005 मधील पाहणीच्या आधारे असा अंदाज मांडला गेला, की तिथल्या मंडळ्यांतून वर्षाला सुमारे 16 लाख लोक अशा प्रवासाला परदेशी जातात. इतकी माणसे जातात तर फळ काय, हे कर्ट व्हर बीक या अभ्यासकाने होंडुरासमध्ये तपासले. 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर तिथे काही घरे उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांनी बांधली, तर काही स्थानिक ख्रिस्ती संस्थांनी. कुटुंबांवर झालेल्या परिणामात व्हर बीक यांना लक्षणीय फरक आढळला नाही. एका घराचा खर्च साधारण 2,000 डॉलर होता आणि परदेशी गटाच्या एका फेरीचा खर्च सुमारे 30,000 डॉलर. जाऊन आलेल्यांकडे पाहिले तर चित्र आणखी विचार करायला लावणारे होते. आपले देणे, आपली प्रार्थना वाढली असे अनेकांनी सांगितले, पण देणगीच्या नोंदी पाहिल्यावर बहुतेकांच्या देण्यात फारसा बदल दिसला नाही. ही माणसे खोटे बोलत होती असे मानण्याचे कारण नाही. भारावून जाणे खरे असते. ते टिकण्यासाठी मात्र वेगळी तजवीज लागते आणि ती कुणी केलेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग जायचेच कशाला, पैसेच पाठवा. बांधकामापुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. विटा रचणारे, गिलावा करणारे हात नेपाळात भरपूर आहेत आणि त्यांना मजुरीची गरज आहे. बारावीच्या परीक्षा देऊन आलेल्या मुलांनी भिंत उभी करायची आणि तिथल्या गवंड्याने ती पाहत बसायचे, ही सेवा उलटी पडते. पण माणसे एकमेकांकडे जातात ती केवळ काम उरकायला नव्हे. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या मंडळीला बाहेरच्या बांधवांनी येऊन भेटावे, एकत्र उपासना करावी, तिच्या साक्षी ऐकाव्यात, यालाही मोल आहे, आणि पैसे पाठवून ते साधत नाही. म्हणून हिशेब प्रामाणिकपणे मांडावा. प्रवासखर्चाला ‘मदत’ म्हणू नये. तो आपल्या शिकण्याचा आणि नाते जोडण्याचा खर्च आहे. मदत द्यायची असेल तर ती त्याव्यतिरिक्त द्यावी, आणि कशासाठी द्यायची ते तिथल्या मंडळीने ठरवावे.

पवित्र शास्त्राचा आधारही याच बाजूने आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, तेव्हा पिशवी आणि जादा वहाणा सोबत घेऊ देत नाही. ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे वाढतील ते खा, घरे बदलत फिरू नका, असे बजावतो. पाठवलेला माणूस यजमानावर अवलंबून राहावा अशीच ही रचना आहे. शिष्य आपल्या पराक्रमाच्या आनंदात परततात तेव्हा येशू त्यांचे लक्ष त्या पराक्रमावरून काढून देवाशी असलेल्या नात्याकडे वळवतो. प्रेषितांच्या कृत्यांत पौल आणि बर्णबा यांना अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करून पाठवते, आणि काम झाल्यावर ते त्याच मंडळीसमोर येऊन वृत्तान्त देतात. कर्नेल्याच्या घरी गेलेला पेत्र तर स्वतःच बदलून बाहेर पडतो. त्याच्या जुन्या समजुतींना तडा जातो तो परक्या माणसाच्या उंबरठ्याच्या आत. पाठवणी मंडळीकडून, मुक्काम यजमानाच्या मर्जीने आणि हिशेब परत येऊन: विश्वासवाढीची ही चौकट आजही पुरेशी आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी, कारण आपण मुळात पाहुणे स्वीकारणारे लोक आहोत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना राहू द्यायचे की नाही, इथपासून सरकारशी झगडा होता. हॉल राहिले, मराठी शिकले आणि 1826 मध्ये प्रवासात कॉलऱ्याने वारले. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला. सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या, 1839 मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेल्या, तिथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. जोतीराव फुले यांनी या शाळा पाहिल्या आणि त्यातून त्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण या परंपरेची दुसरी बाजूही आपल्याला माहीत आहे: सत्ता, पैसा आणि निर्णय दीर्घकाळ परदेशी हातांत राहिले की स्थानिक माणूस कायमचा मदतनीस ठरतो. कवी ना. वा. टिळकांनी अखेरच्या काळात मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र ख्रिस्ती समूह उभारला, त्यामागे ही घुसमट होती. 1910 च्या एडिंबरोतील जागतिक मिशनरी परिषदेत भारतीय पाद्री व्ही. एस. अझरायांनी परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाचा आदर राखूनच त्यांच्याकडे मैत्री मागितली होती. जे आपल्याला सलले ते आपण काठमांडूत किंवा पोखऱ्यात जाऊन दुसऱ्याला सलू देऊ नये. शिवाय फरारबाईंची पस्तीस वर्षे आणि आपले दहा दिवस यांची बरोबरी होत नाही. जो दहा दिवसांसाठी जातो तो मिशनरी नसतो. जे तिथेच राहतात त्यांच्या हाताखालचा तो पाहुणा मदतनीस असतो.

नेपाळात कायम राहणारे म्हणजे नेपाळी ख्रिस्ती. 1951 मध्ये राणांची राजवट संपेपर्यंत हा देश बाहेरच्यांना जवळपास बंद होता. दार्जिलिंग-कालिंपोंग भागातील नेपाळी भाषक विश्वासी सीमेकडे डोळे लावून प्रार्थना करत होते. वाट मोकळी झाल्यावर 1952 मध्ये त्यांच्यातले काही जण ब्रिटिश महिला मिशनऱ्यांच्या सोबतीने पोखऱ्याला गेले. 1954 मध्ये ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ या संस्थेची स्थापना झाली ती आपल्या नागपुरात. तिने रुग्णालये, शाळा, वीजनिर्मिती अशी कामे उभी केली आणि तीही धर्मप्रसार न करण्याची सरकारी अट मान्य करून. सुवार्तेचे काम स्थानिकांनी केले आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. 1990 मध्ये बहुपक्षीय लोकशाही येईपर्यंत धर्मांतराच्या आरोपावरून पाळक आणि विश्वासी तुरुंगात जात होते. 2021 च्या जनगणनेत तिथे पाच लाखांहून अधिक ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. जिची वाढ अशी झाली त्या मंडळीला आपण दहा दिवसांत काय शिकवणार, हा प्रश्न निघण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

कायद्याचा प्रश्न इथेच येतो. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेचे कलम 26 स्वतःचा धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर पाठवण्याची तरतूद आहे. काही जण म्हणतील, मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मोठी, आपण घाबरून गप्प बसायचे का? आक्षेप मनापासूनचा आहे, पण त्यात धोका कोण पत्करतो याचा विचार नाही. बाजारात पत्रके वाटून तुम्ही सोनौलीमार्गे परत याल. पोलीस ठाण्यात बोलावणे येईल ते ज्यांनी तुम्हाला उतरवून घेतले त्या पाळकांना. स्वतःच्या जिवावर उदार होणे हे धैर्य असते, दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्याला धैर्य म्हणत नाहीत. म्हणून तिथल्या पाळकांनी आखलेली मर्यादा पाळावी, प्रवासाचा हेतू कुणी विचारला तर खोटे सांगू नये आणि उपासनेचे फोटो, नावे, गावे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आजाऱ्याच्या घरी भांडी घासणे आणि संध्याकाळी त्या कुटुंबासोबत शांत बसणे हीसुद्धा साक्षच आहे. तिचा अर्थ विचारणाऱ्याला तो समजावून सांगणारे स्थानिक बांधव तिथे आहेतच.

तयारीला किमान सहा महिने द्यावेत आणि सुरुवात एका पत्राने करावी. ‘आम्ही पंधरा जण येतोय, आमच्यासाठी कार्यक्रम ठेवा’ असे लिहिण्याऐवजी ‘आमच्यापैकी कुणी यावे असे तुम्हाला वाटते का, वाटत असेल तर कशासाठी आणि कोणत्या महिन्यात?’ असे विचारावे. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, शेतीच्या हंगामात यजमानांना सवड नसते. आपली सुट्टी हा त्यांच्या सोयीचा निकष होत नाही. उत्तर नकारार्थी आले किंवा ‘यंदा नको’ असे आले, तर ते आदराने स्वीकारणे हीच पहिली सेवा. होकार आला तर गट लहान ठेवावा. सात-आठ माणसे एका छोट्या मंडळीला पेलतात, वीस-पंचवीस पेलत नाहीत. कौशल्य मागितले असेल तर ते खरोखर असलेलाच माणूस पाठवावा. डॉक्टर असलात तरी नेपाळ मेडिकल कौन्सिलच्या तात्पुरत्या नोंदणीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत. मग डॉक्टर नसलेल्यांनी गोळ्या वाटण्याचा प्रश्नच येत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावे, आधारकार्डावर विसंबू नये. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ‘ए’च्या लसींबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, प्रवासविमा काढावा. आणि नेपाळी शिकायला लागावे. लिपी ओळखीची आहे, त्यामुळे नेपाळी बायबलमधला योहानाचा एखादा अध्याय मराठीशेजारी ठेवून आठवड्याला थोडा-थोडा वाचला तरी उपासनेत तुम्ही अगदीच परके राहणार नाही.

तिथे पोहोचल्यावर पहिला धडा वेळापत्रकच देते. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारी. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला, तेव्हा अनेक मंडळ्या उपासनेत होत्या आणि छत कोसळून कितीतरी विश्वासी जागीच गेले. तिथल्या जुन्या माणसांशी बोलताना हे भान असू द्यावे. दाराशी चपलांची रांग, आत सतरंजीवर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया, गिटारच्या जोडीला मादल हा नेपाळी ढोल, भेटताच दोन्ही हात जोडून ‘जयमसीह’. पाहुण्याला गळ्यात खादा (सन्मानाचे उपरणे) घालून पुढे खुर्चीवर बसवण्याची आणि लगेच संदेश द्यायला सांगण्याची पद्धत आहे. खादा कृतज्ञतेने घ्यावा, शक्य तेव्हा सतरंजीवर बसावे, आणि संदेश देण्याऐवजी शुभेच्छा सांगून कुणा वडीलधाऱ्याची साक्ष ऐकण्याची विनंती करावी. जेवण बहुधा सकाळी दहाच्या सुमारास आणि पुन्हा रात्री, दोन्ही वेळा डाळ-भात-तरकारी. वाढणारी बाई स्वतः शेवटी जेवते, तेव्हा ताटात टाकू नये आणि मुक्कामाचा खर्च ज्याच्या-त्याच्या हातात न कोंबता मंडळीच्या समितीकडे, पावतीसह द्यावा. एखाद्या मुलाची फी भरण्याचे किंवा कुणाला मुंबईत नोकरी लावण्याचे वचन भावनेच्या भरात देऊ नये. आपण ते विसरतो, ऐकणारा विसरत नाही.

मुलांच्या बाबतीत विशेष जपावे. अनाथालयाला भेट, मुलांबरोबर खेळ, खाऊवाटप, फोटो: हा कार्यक्रम सर्वांना आवडतो, आणि त्यातूनच सर्वाधिक नुकसान होते. नेपाळमधल्या बालगृहांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. दूरच्या जिल्ह्यांतून शिक्षणाचे आमिष दाखवून आणलेली मुले काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच्या बालगृहांत ठेवली जातात, कारण पाहुणे आणि देणग्या तिथे येतात. चांगला हेतू यात कवच ठरत नाही. 2010 मध्ये हैतीतील भूकंपानंतर 33 मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेऊ पाहणाऱ्या अमेरिकेतील 10 जणांच्या ख्रिस्ती गटाला अटक झाली, आणि त्या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचे पुढे आले. म्हणून बालगृहभेटीचा कार्यक्रम घेऊच नये. मुलांसाठी काही करायचे असेल तर ती आपल्या घरी, आपल्या आईवडिलांजवळ राहून शिकतील अशा स्थानिक कामाला पाठबळ द्यावे.

मग विश्वास वाढतो तो नेमका कुठे? मुख्यतः जिथे आपले काही चालत नाही तिथे. भाषा येत नाही, वीज जाते, बस सुटते, ठरलेले काम रद्द होते आणि दिवसभर नुसते बसावे लागते. आपण उपयोगी आहोत म्हणून देवाला प्रिय आहोत ही आपल्यातली जुनी समजूत अशा वेळी उघडी पडते. ती पकडण्यासाठी शिस्त हवी. रोज सकाळी शास्त्रवाचन गटाने एकत्र करावे. रात्री वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: आज कुणाकडून काय शिकलो, कुठे चिडलो, आणि उद्या कुणासाठी नाव घेऊन प्रार्थना करणार. चिडण्याची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण आपली श्रद्धा खरी कशावर टेकलेली आहे ते रागातून कळते. गटात एक जाणती व्यक्ती अशी असावी जिच्याशी मोकळेपणाने बोलता येईल. मग ते पाळक असोत, वसईच्या धर्मग्रामातले फादर असोत, की महिला मंडळातल्या एखाद्या मावशी.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मेळघाटात, नंदुरबारात, आपल्याच शहरातल्या वस्त्यांत काम पडलेले असताना परदेशी कशाला? याचे उत्तर आक्षेप मान्य करूनच देता येते. ज्याने इथे वर्षभर कोणतीही सेवा नियमाने केलेली नाही त्याला गटात घेऊ नये, असा नियमच करावा. इथे जो संडे स्कूलचा वर्ग दर आठवड्याला घेतो, रुग्णालयात आजाऱ्यांना भेटतो, त्याला तिथे गेल्यावर काय पाहायचे ते कळते. बाकीच्यांचे पर्यटन होते. पण घरच्या सेवेत एक गोष्ट मिळत नाही. इथे आपण ओळखीचे, भाषा जाणणारे, देणारे असतो. स्वतः घेणारा होऊन, आपल्याहून कमी साधनांत अधिक निष्ठेने जगणाऱ्या मंडळीकडून शिकण्याची संधी सीमेपलीकडे मिळते. ती संधी इथल्या कामाला जोडली तर प्रवासाचे सार्थक झाले, आणि इथल्या कामाऐवजी घेतली तर ती पळवाट ठरली.

म्हणूनच परतल्यावरचे वर्ष प्रवासाइतकेच आखून ठेवावे. महिन्याभरात मंडळीसमोर वृत्तान्त द्यावा, आणि त्यात आपण काय केले यापेक्षा तिथे काय पाहिले ते सांगावे. तिथल्या पाळकांना ‘आमच्या येण्याचा तुम्हाला त्रास कुठे झाला?’ असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर पुढच्या गटासाठी लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी गटाने पुन्हा बसून वह्या काढाव्यात: प्रार्थनेतली नावे टिकली का, दशांश देतो का, इथली सेवा वाढली की थांबली? मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकांवर आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत नेपाळी माणसे वर्षानुवर्षे राबत आहेत. काठमांडूला जाऊन आलेल्याला आपल्या इमारतीच्या वॉचमनचे नाव, त्याचा जिल्हा, त्याच्या पगाराची आणि रजेची अडचण माहीत नसेल, तर त्या प्रवासाने डोळे उघडले नाहीत असेच म्हणावे लागेल. त्याच्याशी बोलायला जाताना त्याचे धर्मांतर मनात नको. परक्या देशात आपल्याला जशी माया मिळाली तशी इथे त्याला मिळावी, एवढे पुरे. आणि त्या मंडळीने पुन्हा बोलावले तर त्याच गावी, त्याच माणसांकडे जावे. दरवर्षी नवा देश शोधणाऱ्या गटापेक्षा एकाच मंडळीशी दहा वर्षे बांधून राहणारा गट विश्वासात खोल जातो, कारण तिथे त्याला आपल्या शब्दाला जागावे लागते.